मधली भिंत

दि. ११, मंगळवार

धाकट्या,

खोलीला रंग द्यायचाय म्हणून आलास, मग मधल्या भिंतीवर ठोकून कशाला बघितलंस? मी पाणी भरायला गेले तेवढ्यात मोजायची टेप काढलीस. ह्यांनी पलंगावरून बघितलं. पाय मोडलाय त्यांचा, डोळे नाही. तू कारखान्याच्या मालकाची भाडी वसूल करणारा, रंगारी कधी झालास?

असो. आम्ही बरे आहोत. वहिनीचा खोकला थांबला का?

शेजारची चष्मेवाली खोली सोडून गेली. अठरा वर्षं माझ्या बाजूला बसून बाटल्या उजेडात धरून तडे शोधले तिने. कारखान्यात यंत्र आलं, तिचा पगार गेला, आणि त्याच महिन्यात तू भाडं दुप्पट केलंस. वर म्हणतोस, "ताई, मी काय करू? यंत्रवाले साहेब तेवढं देतात." जाताना ती म्हणाली, "तुझं तरी छप्पर टिको गं." मी मान वर केली नाही. का, ते तुला ठाऊक आहे.

यंत्राला शिकवायचं होतं तेव्हा बाकीच्या बायका हुशार निघाल्या. कॅमेऱ्यापुढे नुसत्या बाटल्या फिरवायच्या. मी मात्र सगळं दाखवलं. गळ्याचा तडा दिसत नाही, नखाने टिचकी मारून ऐकावा लागतो. तेसुद्धा त्याच्या माइकजवळ बाटली धरून, सावकाश, महिनाभर! तूच कानात सांगितलंस, "जी नीट शिकवेल तिची खोली जुन्या भाड्यात राहील. मालकाचा शब्द आहे, पण एकाच खोलीपुरता." म्हणून कुणाला बोलले नाही. चष्मेवालीलाही नाही.

आता यंत्राला माझ्यापेक्षा बरं ऐकू येतं. शनिवारपासून मलाही येऊ नको म्हणालेत. आणि तू भिंत ठोकतोस. दोन खोल्यांची एक करून साहेबाला द्यायची, हेच ना? तो शब्द खरंच मालकाचा होता, की तू मनाने रचलास?

गोड बोलायला येऊ नकोस. वहिनीला पुढे करू नकोस. जुन्या भाड्याचं कागदावर लिहून मालकाची सही आण, नाहीतर सरळ लिही की ताई, मी तुला फसवलं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत वाट बघेन. उत्तर नाही आलं तर शनिवारी चष्मेवालीला शोधून काढून सगळं सांगणार. तुझंही आणि माझंही.

अजून तरी तुझी,
ताई