पितळेच्या पुंगळ्या

अण्णा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली, आणि गेल्या महिन्यात मी माझ्या स्वयंपाकघरात पितळ घडवलं. तुम्हाला हे आवडलं नसतं, म्हणूनच सांगते आहे.

आम्ही ओमानमध्ये इब्राला असतो. सूकच्या, म्हणजे बाजाराच्या, मागे ह्यांचं लेथचं वर्कशॉप, वर आमच्या दोन खोल्या. ईद जवळ आली असताना एक म्हातारे ओमानी गृहस्थ आले; इथल्या रीतीने हे त्यांना अर्बाब, म्हणजे मालक, म्हणतात. उमेदीत मुंबईशी खजुराचा व्यापार केलेले, त्यामुळे हिंदी बरी बोलतात. त्यांच्याकडे आजोबांची बंदूक आहे, परवान्याची. ईदला ती खांद्याला आणि काडतुसांचा पट्टा कमरेला लावून ते गावच्या मेळ्यात उभे राहतात. पट्ट्यातल्या निम्म्या पुंगळ्या, काडतुसांची पितळी टरफलं, हरवल्या होत्या आणि तसलं काडतूस आता कुणी बनवत नाही. "बारूद नहीं, सिर्फ खाली खोल चाहिए, असली जैसा," असं म्हणून दुसऱ्या मोठ्या बंदुकीच्या, उडवलेल्या पुंगळ्यांची पिशवी ते ठेवून गेले. त्या दाबून लहान करायला ह्यांनी साचा केला. पुंगळी आत दाबली की तोंडाकडची मान तडकायची. पाच तडकल्यावर ह्यांनी हात टेकले. "नाही जमत. खलास. परत देऊन टाकू."

"पितळ न तापवताच दाबताय तुम्ही. मला द्या."

"तुला काय कळतंय यातलं?"

अगदी तुमचाच सूर, अण्णा.

कळत होतं. चिपळूणच्या आपल्या तांबटाच्या दुकानात भाता ओढायला मी चालत होते ना? दादा हातोडी शिकत होता तेव्हा मी विस्तवाकडे बघत होते. अजून डोळ्यांसमोर आहे: बारा वर्षांची आहे मी. तुम्ही जेवायला वर गेलात आणि अर्धा झालेला तांब्या मी हातात घेतला, त्याची मान ठोकून पुरी केली. तुम्ही येता. तांब्या फिरवून बघता, आतून अंगठा फिरवता, थांबता. मला वाटतं, आता काहीतरी चांगलं बोलाल. तुम्ही मोठी हातोडी उचलता आणि एका घावात तो चपटा करता. "पोरीच्या हातचं भांडं माझ्या दुकानातून जाणार नाही." काम वाईट झालं म्हणाला असतात तर मी विसरूनही गेले असते. पण वाईट नव्हतं, आणि तुमच्या अंगठ्याला ते कळलं होतं.

तर गेल्या महिन्यात भर दुपारी मी पडदे ओढले, ट्यूब बंद केली. तापल्या पितळेचा रंग उजेडात कळत नाही, हे ह्यांना कुठून माहीत असणार? थाळीत पाणी घेऊन त्यात पुंगळ्या उभ्या केल्या, बूड पाण्यात, मान वर. बर्नरने मान तापवायची, लाली नुसती डोकावली की आडवी पाडून पाण्यात विझवायची, म्हणजे पितळ मऊ पडतं. पहिल्या दोन जास्त तापून वाया गेल्या. तिसरी साच्यात कुरकुर न करता गेली आणि अखंड बाहेर आली. हे दारात उभे होते. जवळ येऊन साच्याला तेल लावून देऊ लागले.

म्हाताऱ्यांनी एकेक पुंगळी पट्ट्यात सरकवून पाहिली. ह्यांच्या पाठीवर थाप मारून "उस्ताद!" म्हणाले. मी शेजारीच उभी. हे म्हणाले, "मैंने नहीं, अर्बाब. इसने किया."

ते माझ्याकडे वळले. "माशाल्ला. किसने सिखाया, बेटी?"

किसी ने नहीं, हे खरं उत्तर होतं. इतकी वर्षं तेच घोकत आले होते मी. हे पत्रसुद्धा तेच सुनावायला लिहायला घेतलं होतं, पण पाठवायला पत्ता असता तरी तसं लिहून पाठवलं नसतं. कारण त्यांना मी म्हणाले, "मेरे पिताजी ने." ते ऐकून म्हाताऱ्यांनी तुमच्यासाठी दुआ मागितली, अण्णा, आणि मी त्यांना थांबवलं नाही.