मोऱ्याहून आलेली सेमी-हॉलो

२२ मार्च २००९, रविवार
आयुष्यातला सर्वोत्तम दिवस. लग्नाचा दिवस धरून. (ही वही पद्मजाच्या हाती लागता कामा नये.)

ऑफिसातल्या काळूरामकडे मोऱ्याच्या कोळीवाड्यात जेवायला गेलो होतो. भिंतीवर जाळ्यामागे गिटार! जपानी, इलेक्ट्रिक, सेमी-हॉलो! त्याचे वडील दिनानाथबाबा जहाजावर खलाशी होते. १९६७ साली जपानात उतरले तेव्हा घेतली म्हणे. शिकायचं होतं, राहून गेलं. बेचाळीस वर्षं खिळ्याला. माझी सुरमई ताटात तशीच राहिली.

बाबा म्हणाले, पैसं नको. नातीची, जनीची हळद नऊ मेला हाय. तवा हिच्यावर एक गानं वाजवा, गिटार तुमची. नाय जमला तर परत आना. मरायच्या आधी एकदा हिचा आवाज आयकायचा हाय.

म्हटलं, बाबा, एक काय, दहा वाजवतो. सात आठवडे हातात आहेत. कॉलेजात माउथ ऑर्गन वाजवायचो. म्हणजे माझ्याकडे होता.

२३ मार्च
दांडी. कारण: पोट. खरं कारण: नेट.
सेमी-हॉलो म्हणजे वरून पोकळ, पण आत मधोमध लाकडाचा सलग ठोकळा. पोकळीमुळे आवाज गोड, ठोकळ्यामुळे स्पीकरजवळ नेली तरी केकाटत नाही. काय डोकं आहे जपान्यांचं! दोन बाजूंना इंग्रजी एफच्या आकाराची भोकं. कडेला पांढरी पट्टी. तीन तास नुसता बघत बसलो.
पद्मजा म्हणाली, वाजवून दाखव. बायकांना घाई फार. आधी वाद्य समजून घ्यावं लागतं.

२७ मार्च, पाडवा
सरावाचा मुहूर्त. गिटारला हळदकुंकू वाहिलं. तारा मूळच्या, सदुसष्ट सालच्या, गंजलेल्या. बदलायच्या नाहीत. अस्सलपणा जातो.
पहिल्याच फटक्यात बोट कापलं. खांदा कॉलनीतल्या डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, वर विचारलं, पत्रा लागला का? सराव आठवडाभर स्थगित.

५ एप्रिल
गिटारवर चार स्विच. वहीत आकृती काढली, रंगीत पेन्सिलींनी. सोळा प्रकारची जुळणी होते. सोळाही पाठ!
नेटवरच्या गिटारवाल्यांच्या फोरमवर माझी एकसष्ट उत्तरं झाली. पनवेलटोन हे माझं तिथलं नाव आता मानाने घेतलं जातं. कॅनडाच्या एकाने विचारलं, तुम्ही वाजवता काय? असल्या लोकांमुळे फोरमचा दर्जा घसरतो.

१२ एप्रिल
घरात फितुरी. पद्मजाने एका भोकात मोबाइलचा टॉर्च धरला, तर दुसऱ्या भोकातून लख्ख उजेड. म्हणाली, मग तुझा ठोकळा कुठाय?
दृष्टिभ्रम आहे, म्हटलं. जुनं लाकूड उजेड पाझरू देतं.
फोरमवर मात्र विचारलं नाही.

१९ एप्रिल
पद्मजाने परस्पर नव्या तारा बसवून आणल्या. इतिहासाची हत्या! अबोला. संध्याकाळी भजी केली म्हणून सोडला.

२६ एप्रिल
उरले तेरा दिवस. कोळीगीत ठरलं. तीन कॉर्ड, म्हणजे बोटांच्या तीन पकडी, लागतात. एक येते. दुसरी समजली आहे. तिसरी म्हणजे पहिल्या दोघींचंच काहीतरी असणार.
रोज पहाटे पाच ते सात सराव. उद्यापासून.

२७ एप्रिल
पाच वाजता पनवेलात थंडी असते हे माहीत नव्हतं.

३ मे
काळूरामचा फोन. बाबा अख्ख्या कोळीवाड्यात सांगत सुटलेत, पनवेलचं सायेब माजी गिटार वाजिवनार. खुर्ची कुठे मांडायची तेही त्यांनी ठरवलंय. फोन ठेवून तीन ग्लास पाणी प्यालो. उकाडाच असणार. हळदीत वाजवणाऱ्या पाटील बेंजो पार्टीचा शिवा आपला अ‍ॅम्प्लिफायर द्यायला तयार आहे. पोरगा गुणी, पण बेंजोवाला. त्याला हळदीनंतर दोन गोष्टी शिकवीन.
काळा चष्मा घ्यावा का?

८ मे
दिवसभर सरावासाठी रजा. आधी पॉलिश केली. मग उन्हात फोटो काढले. मग संध्याकाळच झाली. हरकत नाही. खऱ्या कलावंताला लोकांसमोर आपोआप सुचतं.

१० मे, रविवार
सगळं लिहायचं, असं ठरवून बसलोय.
काल मोऱ्याला मांडव गच्च. माणसं नखशिखांत पिवळी. माझाही शर्ट, माझाही काळा चष्मा पिवळा. बाबा पहिल्या खुर्चीत, टोपी सरळ करून. मी फोटोत गिटारवाले असतात तसा स्पीकरला पाठ लावून उभा राहिलो. आवाज पूर्ण. तारेला बोट लागायच्या आत गिटार केकाटली! अशी केकाटली की कुत्री थेट जेट्टीकडे पळाली. मी स्विच दाबले. चारही. सोळा प्रकारे. आवाज वाढतच गेला. शेवटी वायर उपटली. शांतता.
मग टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं, झालं गाणं. बाबांनी काळूरामला विचारलं, संपला?
ठोकळा नाही तिच्यात. पहिल्यापासून नव्हता.

परत वायर लावली, लांब उभा राहिलो. पहिली कॉर्ड आलीच नाही. बोटं कुठे ठेवायची तेच आठवेना. अख्खा मांडव माझ्याकडे बघतोय. जनी नवरी असून माझ्याकडे दयेने बघतेय.
शिवा उठला. वो सायेब, द्या हिकडं, म्हणाला. खांद्यावरचा हळदीने माखलेला टॉवेल फाडून दोन्ही भोकांत कोंबला. (१९६७ ची आहे रे ती!) खाली बसला, मांडीवर बेंजोसारखी आडवी घेतली, आणि सुरू. केकाटणं बंद. काय गोड वाजत होती हो! बायका उठल्या, जनी उठली, पद्मजासुद्धा नाचली. मी पण. डोळे पुसत पुसत.
बाबा हुंदके देऊन रडत होते. गाणं संपल्यावर शिवाला म्हणाले, तूच ठेव ती, पोरा. मग मला शेजारच्या खुर्चीत बसवलं, गुडघ्यावर हात ठेवला, आणि हळूच म्हणाले, सायेब, तुमी माज्यासारकंच. मी बी बेचाळीस वरसं हिला नुसता बघत रायलो.
 

११ मे, सोमवार
ऑफिस. काळूरामने लाडू दिला, विषय काढला नाही.
संध्याकाळी पद्मजाने विचारलं, वाईट वाटतंय का? म्हटलं, छे! अगदी कमी किमतीची वस्तू होती, आत ठोकळासुद्धा नव्हता.
ती स्वयंपाकघरात गेली. मग मीही मागोमाग गेलो आणि म्हटलं, हो, फार वाटतंय.