मागच्या जिन्याने

ता. ६ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय म्हणून घाबरू नकोस. फोनवर माझा आवाज लपत नाही आणि तुझे कान तिखट आहेत, एवढंच कारण. बाकी खोली तीच, खिडकीचं एक दार अजून सुतळीनेच बांधलेलं आहे, आणि आईला सांगते तशी मी रोज वेळेवर जेवते. म्हणजे बहुतेक रोज.

एक विचारायचं होतं. तुमच्या विद्यापीठाच्या पदव्युत्तर कार्यालयात तू इतकी वर्षं प्रबंधांच्या टेबलावर बसतेस, तेव्हा तुला ठाऊक असेल. माझी एक मैत्रीण आहे. तिची पीएच.डी.ची नोंदणी एकतीस मेला संपते. मुदतवाढीच्या अर्जावर मार्गदर्शकाची सही लागते. तिने चौथं प्रकरण गेल्या ऑगस्टमध्ये सरांच्या हाती दिलं, त्याला आता आठ महिने होतील. सर अवाक्षर बोललेले नाहीत. तिला वाटतं, प्रकरण इतकं टाकाऊ झालंय की काय बोलावं हेच त्यांना सुचत नसावं. म्हणून तीही गेली नाही, आणि आता इतके दिवस गेली नाही तर कुठल्या तोंडाने जायचं म्हणून जात नाही. अशा मुलींचं पुढे काय होतं गं? नाव काढून टाकतात का? घरी कळवतात का? पाच वर्षांचं काम फुकट जातं का?

सहज विचारलं. आईजवळ यातलं काही बोलू नकोस, उगाच माझ्या मैत्रिणीची काळजी करत बसेल.

लोभ आहेच, तो या पत्रानंतरही तसाच असू दे.

तुझी,
भिंगरी


ता. १२ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझ्या मैत्रिणीची हकीकत कळली. तीसुद्धा मुंग्यांवरच संशोधन करते का? सहा वर्षांची असताना तू माझी काचेची बरणी फोडलीस, तेव्हाही ती शेजारच्या मांजरीने फोडली होती. त्या मांजरीला मी काही बोलले नाही, तुझ्या मैत्रिणीलाही बोलणार नाही.

आता नीट ऐक. घरी कुणी काही कळवत नाही, तुम्ही काय शाळेत आहात? नाव मात्र निघतं. एकतीस मेपर्यंत कुणी हललं नाही तर फाइल बंद होते, आणि बंद झालेली फाइल उघडायला फार खटपट पडते. तेव्हा उद्याच्या उद्या तुमच्या पदव्युत्तर कार्यालयात जा. आम्ही तिथे फक्त पट्टी घेऊन समास मोजतो, असा तुम्हा मुलांचा समज असतो. तेही करतो. पण निम्मा दिवस आमचा अडलेल्यांना वाट काढून देण्यात जातो. कुणाला बाळंतपणाची रजा हवी असते, कुणाला विषय बदलायचा असतो, कुणाचं मार्गदर्शकाशी पटत नसतं. आणि मार्गदर्शकही येतात बरं का. पहिल्यांदाच विद्यार्थी मिळालेले तर दाराशी घुटमळत राहतात, आणि आम्ही विचारलं की पंखा बघायला आल्यासारखं वर बघतात.

प्रकरणाचं म्हणशील, तर वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते. वाईट प्रकरण आठ दिवसांत लाल शाईने रंगून परत येतं. आठ महिने परत आलं नाही, तर बहुतेक वेळा माणसाने ते वाचलेलंच नसतं.

सकाळी जा, अकराच्या आधी. तेव्हा माणसं ताजी असतात. आत गेल्या गेल्या माफी मागत सुटू नकोस. खुर्चीवर बस, नाव सांग आणि माझं घोडं अडलंय एवढंच म्हण.

ताईला सांगत नाही, पण फार दिवस पोटात ठेवणं मला जमणार नाही. मैत्रिणीला माझा लोभ कळव, तुझ्यावर तर तो आहेच.

तुझी,
मावशी


ता. २५ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मैत्रीण वगैरे कुणी नाही, हे आता लिहायची गरज नाही.

तू उद्या म्हणालीस, मी दहा दिवसांनी गेले. दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. आत लांबट खोली आहे, फायली दोऱ्यांनी बांधून फळ्यांवर रचलेल्या, आणि खिडकीशी साखळीच्या चष्म्याच्या एक बाई. मी तू शिकवलेलं वाक्य म्हटलं आणि पुढे रडायलाच लागले. त्या जराही गडबडल्या नाहीत. टेबलाच्या खणातून कागदी रुमाल काढून दिले. खण रुमालांनी भरलेला होता, म्हणजे रडणारी मी पहिली नसणार. मग त्यांनी माझी फाइल काढली, पाच वर्षांचे सगळे अहवाल वाचले, आणि काम चांगलं दिसतंय म्हणाल्या. आठ महिन्यांत हे पहिल्यांदाच कुणी म्हणालं, मावशी.

पण पुढे ऐक. त्यांनी मार्गदर्शकांचं नाव विचारलं. मी सांगितल्यावर त्यांनी एक वही उघडून बघितली आणि मिटली. मी विचारलं तर म्हणाल्या की दुसऱ्याची गोष्ट मी सांगू शकत नाही, पण गुरुवारी अकराला शेजारच्या लहान खोलीत ये आणि प्रकरणाची दुसरी प्रत आण.

 सरांनी तक्रार केली असणार, नाहीतर त्या वहीत काय असेल? मी त्यांना टाळते हे त्यांना नक्की कळलंय. ऑगस्टपासून मी पुढच्या जिन्याने चढलेच नाहीये. मागे एक अरुंद जिना आहे, मोडक्या खुर्च्या आणि जुने नकाशे टाकलेला, तिथून जाते. तिथेही कधी कधी वरून पावलं येतात आणि मध्येच माघारी वळतात. कुणीतरी पाळत ठेवतंय असं वाटतं.

गुरुवारी नाही गेलं तर चालेल का? लगेच लिही. तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारू?

तुझी,
भिंगरी


ता. २८ एप्रिल

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चालणार नाही. हे पत्र खास माणसाबरोबर पाठवतेय, म्हणजे बुधवारी तुझ्या हातात पडेल आणि टपालाची सबब राहणार नाही.

एक गोष्ट सांगते, जी ताईलाही माहीत नाही. नोकरी लागली म्हणून मी शिक्षण सोडलं, असं आपल्या घरात सगळे समजतात. नोकरी नंतर लागली. मी मातीच्या भांड्यांच्या भट्ट्यांवर प्रबंध लिहीत होते. तिसरं प्रकरण सरांना दिलं आणि ते काही बोलेनात. एक सत्र गेलं, दोन गेली. मी समजले काय ते, आणि जायचं बंद केलं. मुदत संपली, फाइल बंद झाली. त्याच इमारतीत कारकुनाची जागा निघाली, ती मी घेतली, आणि सर येताना दिसले की फायलींच्या कपाटामागे जाऊन उभी राहायला लागले. अकरा वर्षं.

सर गेले, त्यानंतर महिन्याभराने त्यांची बायको एक पाकीट घेऊन माझ्या टेबलाशी आली. माझं प्रकरण. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पेन्सिलीने टिपणं केलेली, आणि सगळ्यात खाली लिहिलेलं, की काम उत्तम आहे, ही मुलगी येत का नाही?

ते मला बोलवायला संकोचत होते आणि मी जायला. आम्हा दोघांचे कान उपटणारं कुणी त्या कार्यालयात तेव्हा नव्हतं. तुझ्याकडे त्या चष्म्याच्या बाई आहेत. गुरुवारी अकरा वाजता जा. तक्रार असेल तर असू दे, निदान ती काय आहे ते तुला कळेल. मला हे कळायला अकरा वर्षं लागली, आणि त्याचं मला अजूनही फार वाईट वाटतं.

आशीर्वाद नेहमीपेक्षा जास्त.

तुझी,
मावशी


ता. ९ मे

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला! सही झाली, सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली, शिक्का मारलेला कागद समोर ठेवून हे लिहितेय.

तुझं पत्र वाचून मी गुरुवारी पावणेअकरालाच जाऊन बसले. अकराला दार उघडलं आणि सर आत आले. मला बघून ते बाहेर वळणारच होते, पण बाईंनी दारात स्वतःची खुर्ची टाकली होती. मग आम्ही दोघं एकदमच माफी मागायला लागलो. बाईंनी दोघांनाही थांबवलं आणि सरांना आधी बोलायला सांगितलं.

मावशी, तुझा अंदाज चुकला. सरांनी प्रकरण वाचलं होतं, तेही पहिल्याच आठवड्यात, आणि नंतर आणखी पाच वेळा. मुंग्या अडथळ्याला वळसा कसा घालतात याचं जे गणित मी त्यात मांडलंय, ते त्यांना समजलं नाही! मी त्यांची पहिलीच विद्यार्थिनी. मार्गदर्शकानेच समजलं नाही कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प. जानेवारीत ते याच बाईंकडे आले होते, गणित विभागातले सहमार्गदर्शक घेता येतील का, आणि घेतले तर मुलीला अपमान तर वाटणार नाही ना, हे विचारायला. बाईंनी त्यांना अर्जही दिला होता. त्यावर माझी सही हवी होती, आणि ती मागायला त्यांचं पाऊल काही उचलेना. वहीत तेच होतं.

आणि मागच्या जिन्यावरची पावलं त्यांचीच. माझ्याशी समोरासमोर गाठ पडू नये म्हणून तेही तिथूनच ये-जा करत होते. मी हसत सुटले, सरांना आधी समजेना, मग तेही डोळे पुसेपर्यंत हसले. दोन मुंग्यासुद्धा वाटेत भेटल्या की थांबून मिशा लावून विचारपूस करतात, आणि त्यांच्यावर संशोधन करणारे आम्ही दोघं आठ महिने मोडक्या खुर्च्यांमागे लपत होतो.

त्या खोलीचा एक नियम आहे. पुढच्या भेटीची तारीख कागदावर लिहिल्याशिवाय कुणालाही उठू देत नाहीत. आता दर सोमवारी भेट. सहमार्गदर्शक झालेल्या गणिताच्या बाई फार तेज आहेत, पहिल्याच दिवशी त्यांनी माझी एक चूक काढली आणि मला त्याचा आनंद झाला.

आईला सगळं सांगितलं. ती रागावली, मग जेवलीस का म्हणाली. तुझ्या प्रकरणाबद्दल मात्र बोलले नाही, ते तुझं तू सांग. ते तू अजून जपून ठेवलंयस का?

तू लिहिलं नसतंस तर मी गेले नसते. हे तोंडावर सांगता येत नाही म्हणून इथे लिहिते.

तुझी,
भिंगरी


ता. १८ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रबंध दाखल झाल्याचं पत्र काल मिळालं. ऑफिसात उभ्याउभ्याच वाचलं, आणि आमच्या साहेबांनी काय झालं विचारलं तेव्हा पत्रच त्यांच्या हातात दिलं. बरं वाटलं गं, फार बरं वाटलं. सदतिसाव्या पानाचा समास बाईंनी मोजून परत करायला लावला, हे वाचून तर आणखीच बरं वाटलं. माणूस कामाचं आहे.

त्यांचा तारखेचा नियम मी आमच्याकडे उचललाय. साहेब आधी कुरकुरले. मग मी गेल्या दहा वर्षांत बंद झालेल्या फायलींचा गठ्ठा त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आता तीन महिने भेट झाली नाही की विद्यार्थी आणि मार्गदर्शक, दोघांनाही माझा फोन जातो. आमच्या इमारतीच्याही मागच्या जिन्याला कुलूप लावायचं सुचवलं होतं, ते नामंजूर झालं.

ताईला माझी गोष्ट सांगितली. तिने दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी प्रकरण बघायला मागितलं. बघितलं, पहिल्याच पानावर पेंगली आणि हे वाचणं भिंगरीचं काम आहे म्हणाली.

म्हणून सोबत माझ्या प्रकरणाचं पाकीट पाठवते. मला आता पदवी नको. माझं टेबल मला पुरतं, आणि या वयात समास मोजून घ्यायला मी कुणापुढे उभी राहणार नाही. पण त्या भट्ट्यांबद्दल मला कुणीतरी चार प्रश्न विचारावेत, असं मनात राहून गेलंय. सरांची पेन्सिल तशीच ठेव, तुझी टिपणं समोरच्या बाजूला कर. समजलं नाही तर समजलं नाही असं सरळ लिही, मी वाट बघतेय. तेवढे आठ महिने लावू नकोस.

तुझी,
मावशी