फुगवून बत्तीस

मुरुम,
१४ ऑक्टोबर १९७१

ति. तात्यादादांस,
मुक्ताचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं कार्ड पोचलं. माझा खोकला खडूचा आहे, शाळेला सुट्टी लागली की जातो.

आजची काळजी वेगळी आहे. व्यंकट कॉलेज सोडून पलटणीत जायचं म्हणतो. इथं बाजारात सध्या सगळेच लढाईवर निघालेत. अडत दुकानात पोत्यावर बसून लोक लाहोर घेतात आणि जेवायला घरी जातात. व्यंकटला त्यांचा राग येतो. त्याचं म्हणणं असं, की सरकारनं कायदा करून घरटी एक माणूस सक्तीनं नेला, तर हे सगळे एका दिवसात गप्प होतील आणि लढाईच होणार नाही. मी म्हटलं, चांगलं आहे, मग तू कशाला जातोस. तर म्हणतो, जो बोलला त्यानं आधी जावं. लढाई थांबावी म्हणून लढाईवर निघालेला हा पोरगा मला एकुलता एक आहे, एवढंच त्याच्या विचारात बसत नाही.

सुट्टीत त्याला हिंगणमाळला तुमच्याकडं पाठवते. त्याचे वडील असते तर तुम्हाला त्रास दिला नसता. पंधरा वर्षं पलटणीत काढलेल्या मामाचं तो ऐकेल. त्याला थांबवा. कसं थांबवलंत ते मला कळवू नका.

भिमावहिनींना जय भीम. लोभ आहेच; पोरगा परत येईपर्यंत थोडा जास्त असू द्यावा.

तुमची,
मुक्ता


हिंगणमाळ,
९ नोव्हेंबर १९७१

चि. मुक्तास,
तात्यादादाचा जय भीम आणि आशीर्वाद.

व्यंकट उद्याच्या गाडीनं निघतो. तब्येत उत्तम.

तू सांगितलंस म्हणून पहिल्याच दिवशी त्याला लढाई किती वाईट असते ते सांगायला बसलो. थंडीपासून सुरुवात केली. अर्ध्या तासानं बघतो तर मी उभा, हातात काठी, आणि पोरगा तोंड उघडं ठेवून ऐकतोय. मला ते जमत नाही. घाबरवायला बसतो आणि शेवटी माझीच छाती फुगते. तो नाद सोडला.

मग त्याच्या घरटी एक माणसाच्या कायद्याचीच परीक्षा घ्यायची ठरवली. इथं सोसायटीच्या ओट्यावर चेअरमन महांतप्पा रोज सकाळी वर्तमानपत्र वाचतात. गोदामाची राखण माझ्याकडं, म्हणून खालच्या पायरीवर मी असतो. गेल्या सोमवारी ओट्यावर एकोणीस जण होते आणि एकोणीस जणांना लढाई पाहिजे होती. महांतप्पा म्हणाले, की आता न्हाय तर कधीच न्हाय, घुसून एकदाचा निकाल लावा. व्यंकटनं वहीत एकोणीस लिहिले.

मंगळवारी गुंडाप्पा शिंप्याचा टेप गळ्यात घालून गेलो. म्हटलं, घरटी एक माणूस नेणार अशी बोलवा आहे. बोलवा कुठं उठली ते सांगितलं नाही. भरतीला फुगवून बत्तीस इंच छाती लागते, तर गावाची मापं तयार असलेली बरी.

मुक्ते, तू बघायला हवं होतंस. श्वास घ्या म्हटलं की माणसं श्वास सोडत. बंडप्पानं आदल्या दिवशी दोन शहरं घेतली होती. तो सगळा श्वास सोडून तीस भरला. वर चपला काढून म्हणाला, की पाय जन्मापासून सपाट हायत, लई चालवत न्हाय. गुंडाप्पा म्हणाला, की टेप माझा असला तरी म्या शिंपी, सुईपल्याड हत्यार धरलं न्हाय. महांतप्पांची अडचण दुहेरी होती. टेप लावायचा म्हणजे माझा हात लागणार. ते म्हणाले, की आज आंघोळ झालीया, माप उद्या. तो उद्या उजाडला तेव्हा त्यांचा मुलगा बसवराज आत्याच्या गावाला बैल बघायला गेला होता.

बुधवारी ओट्यावर तीन जण. त्यातला एक बहिरा. उरलेल्या दोघांचं मत पडलं, की बोलणी करून बघावीत, पलीकडच्यांनाही लेकरं हायतच की. व्यंकटनं एकोणीसच्या पुढं तीन लिहिले आणि दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

पण गुरुवारी सिताबाई आली. ही मेंढरं राखणारी विधवा. तिचा बिराप्पा गावातला एकटाच, जो आधीपासून पलटणीत आहे. लढाईचं नाव निघालं की ती उठून जायची. ती ओट्यासमोर उभी राहून म्हणाली, की मापा समद्यास्नी, एक घर सोडू नका, माझाच एकटा का म्हणून. लढाई व्हायची तर व्हऊ द्या, पर समद्यांची व्हऊ द्या. तिला वहीत कुठल्या बाजूला लिहायचं, ते व्यंकटनं मला विचारलं.

जाता जाता व्यंकटची छाती मोजली. फुगवून साडेतीस. दोनदा मोजली. तोंड उतरलंय त्याचं, पण मापापुढं मामाचं काय चालतं?

खोकल्याला अडुळसा घे. माया आहे तिथंच आहे, शोधावी लागणार नाही.

तुझा,
तात्यादादा


मुरुम,
२४ डिसेंबर १९७१

ति. तात्यादादांस,
मुक्ताचा सविनय जय भीम. वि. वि.

लढाई झाली आणि संपलीही. अडत दुकानात पेढे वाटले. पोत्यावरच्या मंडळींनी एकमेकांना हार घातले.

व्यंकट घरी आहे, त्याबद्दल तुमचे आणि गुंडाप्पाच्या टेपाचे आभार मानणार होते. पण पोरगा पहाटे उठून जोर काढतो. दीड इंचासाठी त्यानं घरातले शेंगदाणे संपवले, आता शेजाऱ्यांच्या डब्याकडं बघतो. तुम्ही त्याला थांबवलंत की तयार करताय, हे मला नीटसं कळत नाही. मी कळवू नका म्हटल्यावर तुम्ही कळवत नाही, हेही खरं.

सिताबाईंचा बिराप्पा सुखरूप आहे का? त्या बाईवर मी रागावले आहे. माझ्या पोराचंही माप घ्या म्हणणारी ती कोण? मग वाटतं, तिचा गेला तेव्हा मी तरी कुठं विचारलं होतं.

वहिनींना जय भीम. लोभ पूर्वीसारखाच असावा. शेंगदाणे नसले तरी चालेल.

तुमची,
मुक्ता


हिंगणमाळ,
२० नोव्हेंबर १९७२

चि. मुक्तास,
तात्यादादाचा जय भीम आणि आशीर्वाद.

पाऊस आला नाही, ते तुला सांगायला नको. सोसायटीच्या गोदामात आता उंदीरही राहत नाहीत, पण राखण चालू आहे. तुझी वहिनी आणि मी रस्त्याच्या कामावर खडी फोडतो. तिथं सरकारी सुकडी खायला मिळते. तिला चव नसते, म्हणून भांडण होत नाही.

लिहायचं कारण टेप. बिराप्पा उन्हाळ्यात रजेवर येऊन गेला. ओट्यानं त्याला लढाई विचारली. त्यानं दोन वेळचं जेवण सांगितलं: किती पोळ्या, डाळ कशी, रविवारी काय. आता रोज सकाळी माझ्या दारात रांग असते. तात्या, मापून बघ, म्हणतात. ती घरटी एकची बोलवा कुठवर आली, म्हणून विचारतात. बोलवा माझीच होती हे सांगायला तोंड होत नाही.

श्वास सोडा म्हटलं तरी कुणी सोडत नाही, मुक्ते. गुंडाप्पा एवढी हवा भरून उभा राहिला, की त्याला खोकला आला. बंडप्पानं राखेत पाय उमटवून दाखवला आणि म्हणाला, की सपाट कुठं हाय, बघ की, मधी केवढी कमान हाय. फुगवून एकोणतीस भरला. माझा हात लागला हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. परवा एक जण म्हणाला, की लढाई लागली तर भरती वाढंल, न्हाय का? त्यानं ते पाऊस पडेल का या सुरात विचारलं.

रांगेत नाहीत ते महांतप्पा. त्यांच्या विहिरीला पाणी आहे. त्यांचा आवाज परत आलाय. ते ओट्यावरून म्हणतात, की बघा, सक्ती करायची गरजच न्हाय, माणसं आपणहून तयार हायत, आता घुसायला काय हरकत हाय?

व्यंकटला सांग, त्याच्या वहीत पाऊस लिहायचा राहिला.

सुकडीतून उरलेली माया पाठवतो, पोचल्याचं कळव.

तुझा,
तात्यादादा


मुरुम,
१२ डिसेंबर १९७२

ति. तात्यादादांस,
मुक्ताचा सविनय जय भीम. वि. वि.

माया पोचली. आता माझं ऐका.

व्यंकट मला न सांगता उस्मानाबादला भरतीला जाऊन आला. तिथं त्याची छाती साडेतेहतीस भरली. वर्षात तीन इंच वाढली म्हणून तो जोरांचे गोडवे गातो. दादा, त्याचे शर्ट मी शिवते. गेल्या दिवाळीतही त्याचं खरं माप मला पाठ होतं. तुमचं तेव्हाचं साडेतिसाचं पत्र वाचून मी हसले आणि गप्प बसले. म्हणजे त्याला आपण दोघांनी फसवलं, म्हणून तुमच्या एकट्यावर रागावता येत नाही.

वीस जानेवारीला त्याला निघायचंय. तुमचं रांगेचं पत्र त्याला वाचून दाखवलं. म्हणतो, म्हणूनच कायदा पाहिजे. पाऊस ज्यांना धाडतो तेवढेच जाणार असतील, तर विहिरीवाले कायमच शूर राहतील. मी म्हणते कुणाचाच जाऊ नये. तो म्हणतो सगळ्यांचा जावा. आमचा वाद मिटायचाय आणि जाणार मात्र तोच.

काल शाळेत एक गुरुजी म्हणाले, की मागच्या वेळी अर्धवट सोडलं, आता कायमचा निकाल लावावा. त्यांना तीन मुलगे. माझ्या तोंडून निघून गेलं, की मापा तुमच्या तिघांना. अगदी सिताबाईंच्या आवाजात. गुरुजींनी चहा अर्धा ठेवला.

सिताबाईंना माझा नमस्कार सांगा. आणि तो टेप मला पाठवा, इथं लागणार आहे.

लोभ असावाच, फसवायचं झालं तर यापुढं मला विचारून.

तुमची,
मुक्ता


हिंगणमाळ,
१९ डिसेंबर १९७२

चि. मुक्तास,
तात्यादादाचा जय भीम आणि आशीर्वाद.

टेप पाठवतो. गुंडाप्पा म्हणाला, की न्या, सध्या नवं कापड कुणी शिवत न्हाय.

टेपाला शून्याच्या आधी दीड इंच पट्टी जोडली होती, म्हणजे माप तेवढं कमी भरायचं. टाके तुझ्या वहिनीचे. गेल्या वर्षी अख्खं गाव त्याच टेपानं मोजलं. यंदा रांग लागली तेव्हा पट्टी उसवली. उपाशी माणसाला खोट्या टेपानं मोजवेना. म्हटलं, आता सगळे दीड इंचानं वाढतील.

बंडप्पा गेल्या वर्षी खोट्या टेपात, श्वास सोडून, तीस होता. यंदा खऱ्या टेपात, फुगवून, एकोणतीस.

तुझा नमस्कार सिताबाईला सांगितला. ती म्हणाली, की मास्तरीणबाईंना म्हणावं, पहिला महिना जड जातो, मग सवय होत न्हाय ती न्हायच.

वीस जानेवारीला सोलापूरला गाडीवर मी येतो. भाषण करणार नाही. पोरगा डब्यात चढताना माझी छाती फुगलेली दिसली, तर तू टेप काढू नकोस.

लोभाला माप नाही.

तुझा,
तात्यादादा