अठ्ठावीसचा पीळ

६ ऑक्टोबर, रविवार

नीलचा फोन! आपण होऊन! वाढदिवस नाही, सण नाही, त्याच्या आईकडून आमटीची कृतीही नको होती. "बाबा, क्विक क्वेश्चन. माझ्या मझललोडरला सॅबो कुठला वापरू? यू आर द इंजिनिअर."

मझललोडर म्हणजे ठासणीची बंदूक. आपल्याकडे ती संग्रहालयात धूळ खाते, इथे व्हर्जिनियात तिचा वेगळा शिकारीचा सीझन असतो. नळीच्या तोंडातून दारू ओता, गोळी गजाने ठासा, एकच बार. हुकलात तर हरणाला टाटा करा आणि घरी या. ही बंदूक नीलला त्याच्या सासऱ्यांनी दिली. वॉल्ट — आमचे व्याही. डोंगराकडे शेत आहे त्यांचं. नीलला 'सन' म्हणतात. माझ्या मुलाला!

मी विचारलं, नळीचा पीळ किती? जरा थांबून म्हणाला, "वन इन ट्वेंटी-एट." म्हणजे अठ्ठावीस इंचांत गोळीची एक फेरी. "वेळ मिळाला की बघतो," म्हणालो. जणू काही मी फार कामात आहे.

८ ऑक्टोबर

मी अजिबात कामात नाही. आयुष्यभर टर्बाइनच्या कंपनीत फिरणाऱ्या वस्तूंचे हिशेब केले. निरोपाचा केक कापताना पोरं म्हणाली, "प्रताप, वी विल पिक युअर ब्रेन." मेंदू जिथल्या तिथे आहे. कुणी हातसुद्धा लावलेला नाही.

११ ऑक्टोबर

आज दुकानात जाऊन सॅबो आणले. काउंटरवरच्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बघू दे.

सॅबो म्हणजे प्लॅस्टिकची बोटाएवढी वाटी, पाकळ्या असलेली. नळी रुंद आणि गोळी बारीक, म्हणून मधे ही. गोळीला कवेत घेते, नळीतल्या खाचांची फिरकी तिला देते आणि बाहेर पडल्याबरोबर गळून पडते. गोळी पुढे जाते, वाटी गवतात. बापाचंच काम की हे!

लांब गोळीला जोराची फिरकी लागते, नाहीतर ती हवेत कोलांट्या खाते. मंद पिळाच्या नळीत गोल गोळीच बरी. पण आपला पीळ अठ्ठावीस, म्हणजे झकास. अडीचशे ग्रेनची, म्हणजे सोळा ग्रॅमची गोळी, काळा सॅबो, दारू नव्वद ग्रेन. आठवडाभर खपलो आणि दोनदा ताळा घेतला. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

१२ ऑक्टोबर, दसरा

पूजेला माझा जुना व्हर्नियर कॅलिपर मांडला. दर वर्षी मांडतो. शेजारी सॅबोचं पाकीट ठेवलं. वसुधा म्हणाली, "अहो, हरणं मारायची टोपणं देवापुढे?" म्हटलं, शस्त्रपूजाच आहे ना! तिने पाकीट उचललं नाही, पण फूल मात्र फक्त कॅलिपरला वाहिलं.

१९ ऑक्टोबर

नील येऊन पाकीट घेऊन गेला. चहासुद्धा उभ्याने. संध्याकाळी नेमबाजीच्या रेंजवरून मेसेज — "गुड, बाबा. थँक्स." मी लिहिलं, टार्गेटचा कागद आण, भोकं बघायची आहेत. उत्तर आलं, "फेकला."

फेकला! आठवडाभराच्या कामाचा निकाल आणि तो फेकला. आकडा दाखवल्याशिवाय 'गुड' म्हणणाऱ्या पोराला मी ऑफिसात उभं केलं नसतं.

२७ ऑक्टोबर

नील पाडव्याला येणार नाही म्हणाला. शनिवारी सीझन उघडतोय आणि तो पहिला दिवस "वॉल्टसाठी बिग डील" आहे. दिवाळी आमच्यासाठी काय आहे, हे कुणी विचारलं नाही. मी "ठीक आहे" म्हणालो. वसुधाने फोन ठेवला आणि चकलीचं पीठ पुन्हा मळायला घेतलं. मळून झालेलंच होतं.

२ नोव्हेंबर, पाडवा

वसुधाने ओवाळलं. दोघंच. समोर चार माणसांचा फराळ.

जेवताना मी म्हणालो, निदान गोळी तरी माझी आहे तिकडे. ती म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जात नाही तुमचा." मग आपणच हसली. मला हसू आलं नाही. व्याह्यांच्या शेतावर माझा मुलगा आणि इथे मी, करंज्या मोजतोय.

३ नोव्हेंबर

वॉल्टचा फोन. हॅपी डिवाली वगैरे झालं. मग म्हणाले, "प्राटॅप, तुझ्या मुलाला काय झालंय?" मोठा नर, शिंगांचं झाडच म्हणे, ऐंशी यार्डांवर आडवा उभा राहिला. वारा नाही. नीलने बंदूक खांद्याला लावली, धरून ठेवली आणि खाली घेतली. बारच काढला नाही! असा नर या शेतावर आपण दहा-बारा वर्षांत पाहिला नव्हता, म्हणाले.

मला कारण कळलं. भरवसा नाही. बापाच्या गणितावर भरवसा नाही! मग मागितलं कशाला?

१० नोव्हेंबर

नील फराळाला आला. बंदूक गाडीत होती. म्हणालो, आण गॅरेजमध्ये, पीळ मोजायचाय. "लीव्ह इट, बाबा," म्हणाला. मी ऐकलं नाही. बंदूक रिकामी आहे ना, ते दोनदा बघून घेतलं. गजाला घट्ट कापडाचा बोळा लावला, मुठीजवळ चिकटपट्टीची शेंडी लावली आणि गज नळीत सरकवला. गज आत जातो तसा खाचांबरोबर फिरतो, शेंडी दाखवते किती ते. अठ्ठावीसचा पीळ असता तर पूर्ण फेरी होऊन शेंडी पुढे गेली असती. अर्धीसुद्धा झाली नाही. पुन्हा केलं. तेच. हिशेबाने सहासष्ट. निव्वळ गोल गोळीची नळी! माझी गोळी हिच्यातून कोलांट्या खातच जाणार.

मी ओरडलो. "चुकीचा आकडा दिलास मला! वॉल्टना माहीत नव्हतं?"

"ही टोल्ड मी द फर्स्ट डे. हिला फक्त गोल गोळी."

"मग अठ्ठावीस कुठून आणलेस?"

"वेबसाइटवरून." तो गजाकडे बघत होता. "तुम्हाला कुणी काही विचारत नाही, बाबा. आई म्हणाली, दिवसभर फोन जवळ घेऊन बसता. म्हणून काहीतरी विचारलं. आय डिडंट थिंक तुम्ही एवढं कराल."

मग त्याने सांगितलं, रेंजवर एक गोळी कागदाला आडवी लागली होती, बाकीच्या कागदालाही लागल्या नाहीत. म्हणून कागद फेकला.

"मग पाडव्याला माझीच गोळी का भरलीस?"

"दिवाळीत तुम्हाला सोडून गेलो होतो. म्हटलं, तुमचं काहीतरी बरोबर असू दे." मग हळूच — "आय न्यू आय वुडंट शूट. उगाच हरीण जखमी झालं असतं."

मी गज त्याच्या हातात दिला आणि आत आलो.

११ नोव्हेंबर

भीक! पोटच्या पोराने बापाला प्रश्नाची भीक घातली. आणि मी ती देवापुढे ठेवली!

वसुधाशी बोललो नाही. हिनेच सांगितलं त्याला.

१३ नोव्हेंबर

तो नर डोळ्यांपुढून हलत नाही. मी पाहिलेलाही नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज मी नीलला फोन केला. विचारलं, गोल गोळीभोवती गुंडाळायचं कापड केवढ्या जाडीचं घ्यायचं?

मला माहीत आहे. दसऱ्याआधीच वाचलं होतं.

तो बराच वेळ सांगत राहिला. कापड कुठलं, तेल किती, ठासायचं कसं. मी मधे एकदाही बोललो नाही. "लिहून घेताय ना, बाबा?" त्याने विचारलं.

घेतोय, म्हणालो.