साडेनऊचा उजेड

ता. ६ ऑक्टो., रविवार. खोपोली

रजा मंजूर, पाच दिवस. साहेबांनी कारण विचारलं. म्हणालो, मुंबईला नातेवाईक आजारी आहे. खरं सांगितलं असतं तर हसले असते. चार वर्षं पावरहौसात बोर्डापुढे बसतोय. काम एकच, दर अर्ध्या तासाला काटा किती आहे ते वहीत लिहायचं. दिवेलागणीला काटा चढायला लागतो आणि नऊ-साडेनऊपर्यंत उतरायचं नाव घेत नाही. घाटावरचं पाणी आमच्या चाकांवर पडतं, त्याचा उजेड तिकडे मुंबईत कोण खातं, ते एकदा डोळ्यांनी बघायचंय.

नारायणचं पत्र आहेच. साजगावचा हा गडी आधी आमच्याकडे यंत्रांना तेल घालायचा. तीन वर्षांवर झाली, मुंबईत पिला हाऊसकडे एका तमाशाच्या थेटरात दिवे सांभाळतो. लिहितो, ये, सगळं फुकटात दाखवतो.

सुंदरा म्हणाली, "चार वर्षं काटा बघून पोट भरलं नाय वाटतं तुमचं." बायको आहे का मास्तरीण. भाकऱ्या मात्र सहा बांधून देणार आहे.

ता. ९, बुधवार. मुंबई

पोचलो. ना.ची खोली तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळी बाहेर काढलं त्याने. एकाच रस्त्यावर थेटराला थेटर लागून. कुठे तमाशा, कुठे उर्दू नाटक, कुठे मूकपट. प्रत्येक दारात एकेक जण घंटा बडवतोय, या या, शेवटची चार तिकिटं. कबाबाचा धूर, अत्तर, गोळीच्या सोड्याचे आवाज. वरच्या खिडक्यांत गजांमागे बाया बसलेल्या. ना. म्हणाला, वर बघू नको, बघितलंस की हाका मारतात. मी आपला दिवे बघत होतो. एका दारावर लाल-निळ्या दिव्यांची कमान होती, ती मोजायला लागलो तर ना.ने दंडाला धरून ओढलं. मला सारखं वाटत होतं, हे सगळं आपलं पाणी. छाती फुगली अगदी.

एक खटकलं. ना. चालता चालता मागे वळून बघतो. तीनदा बघितलं. विचारलं तर म्हणाला, सवय.

ता. १०, गुरुवार

ना.च्या थेटरात पहिल्या रांगेत बसलो. साडेनऊच्या ठोक्याला चंद्रकलाबाई आल्या. बाकीचे दिवे मंद झाले आणि एकच मोठा झोत त्यांच्यावर, तो वरून ना.च्या हातात. सगळं थेटर गप्प. असं गाणं मी आजवर ऐकलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, का ते कळलं नाही.

नंतर ना. आत घेऊन गेला. तिथे सगळे ज्यांच्यापुढे वाकतात ते भाऊसाहेब. पांढरं धोतर, पांढरा कोट, आवाज इतका हळू की आपणच पुढे वाकावं लागतं. मांडीवर पानाचा डबा, हातात अडकित्ता. घेतलेली होती आम्ही. (मी आयुष्यात पहिल्यांदा. सु.ला सांगायचं नाही.) कुणीतरी विचारलं, पाहुणे काय करतात? ना. म्हणाला, पावरहौसात आहेत. झालं. माझ्या जिभेला हाड राहिलं नाही. "मुंबईचा उजेड म्हंजे माझी मूठ," म्हणालो. "मी मूठ खाली केली का सगळी मुंबई आंधळी."

सगळे खो खो हसले. खरं म्हणजे लाईन चालू-बंद करायच्या बोर्डावरच्या त्या मुठीला हात लावायची मला परवानगीच नाही. ती साहेबांची. मी नुसता लिहिणारा.

भा.सा. तेवढे हसले नाहीत. अडकित्ता थांबला. "किती वेळ आंधळी?" मी म्हणालो, तुम्ही म्हणाल तेवढा वेळ.

ता. ११, शुक्रवार

पाहुणचाराचा कहर. नवा फेटा. व्हिक्टोरियातून फेरी. दुपारी मूकपट, संध्याकाळी दुसरा. भा.सा.चं नाव घेतलं की दार उघडतं, कुणी तिकीट मागत नाही. हरभऱ्याच्या झाडावर चढलो आहे हे कळत होतं, पण वरची हवा छान होती.

रात्री त्यांनी स्वतः विचारलं, संध्याकाळची पाळी कधी? सांगून टाकलं, चोवीस तारखेपासून, गुरुवार. "उत्तम. त्या दिवशी एक गंमत करायची आहे. साडेनऊला. पाच मिनिटं पुरेत." सुपारीचं खांड माझ्या तळहातावर ठेवलं. मी ते खाल्लं. गंमत कसली ते विचारलं नाही. ना. भिंतीकडे बघत होता.

ता. १२, शनिवार

दिवसा थेटर बघवत नाही. रंग उडालेले पडदे, उंदरांच्या लेंड्या. ना. तारा तपासत होता. चंद्रकलाबाई पायरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या, साधं लुगडं, केस ओले. मी ना.ला काहीतरी "नाय नाय" म्हणालो आणि त्यांनी मान वर केली. "आमच्याकडचे का तुमी, दादा?" साजगावच्याच निघाल्या. घरचं नाव यमुना. आई काशीबाई, देवळामागे राहते. ना.नेच तीन वर्षांपूर्वी इथली वाट दाखवली होती.

ना. लांब गेल्यावर तिने आवाज खाली आणला. म्हणाली, मला इथून कायमचं घरी जायचंय, पण भा.सा. कुणाला सोडत नाहीत. शिमग्यात एका पोरीने घरी जाते म्हणून सांगितलं होतं. तिची ट्रंक अजून मागच्या खोलीत पडलेली आहे. ती कुठे आहे कुणी विचारत नाही. यमुनाने दिवाळीला पळायचं ठरवलं आणि फक्त ना.ला सांगितलं, आपल्या गावचा म्हणून. दुसऱ्या दिवशी भा.सा.नी तिला विचारलं, दिवाळीला काय बेत?

"मी उजेडात हाय तवर मला कोण हात लावत नाय," म्हणाली. "एवढी माणसं बघत असतात. दाराशी त्यांची माणसं, खोलीत त्यांची माणसं. तेवढी साडेनऊची वेळ माझी." भा.सा.नी मागितलेली पाच मिनिटंही साडेनऊचीच, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मग तांदळात बोटं फिरवत तिने विचारलं, "उजेड तुमच्या मुठीत हाय बोलतात. खरं का?"

सांगायची हीच वेळ होती. नाही गं बाई, मी कारकून, बढाई मारली. पण ती बघत होती अशी की मला सांगवेना. मी म्हणालो, "मी हाय तवर अंधार व्हायचा नाय."

ती हसली. आईला निरोप दिला, दिवाळीला येते, जत्रेपर्यंत राहते.

ता. १३, रविवार. गाडीत

स्टेशनवर भा.सा. जातीने आले. एवढी गर्दी, पण त्यांच्याभोवती जागा मोकळी. पान दिलं. "गुरुवार, चोवीस," म्हणाले, "आम्ही घड्याळ लावून बसू." मी तोंडात पान असल्यासारखा गप्प राहिलो, पान अजून हातातच होतं. ना. खाली मान घालून उभा. कर्जतला गाडी बदलताना ते पान रुळांत टाकलं. फेटा मात्र डोक्यावर तसाच आहे, हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

ता. १६, बुधवार. खोपोली

कामावर. साजगावला जाऊन काशीबाईला निरोप दिला. म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. सोडेचना. म्हणाली, आजच भिंती सारवते.

ना.ला पत्र टाकलं. स्पष्ट लिहिलं, मुठीचा अधिकार मला नाही, ती थट्टा होती, भाऊसाहेबांना सांग. यमुनाला लिहून उपयोग नाही, तिला वाचता येत नाही, वाचून दाखवणार तो ना.च.

ता. १९, शनिवार

झोप नाही. शेवटी सु.ला सगळं सांगितलं, घेतलेली तीसुद्धा. वाटलं होतं भांडेल. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "तोंडानं केलंत ते तोंडानं निस्तरा. जावा आन् तिला समोर सांगा." मी म्हणालो, आता रजा मिळायची नाही. "मग साहेबांना सांगा." साहेबांना काय सांगू? दारू पिऊन तुमची मूठ दुसऱ्याला देऊन आलो म्हणून? पोलिसांकडे जावं तर घडलेलं काहीच नाही. सु. म्हणाली, तुमाला त्या बाईपेक्षा नोकरीची भीती जास्त हाय. खरं आहे. फार लागलं, पण खरं आहे.

ता. २१, सोमवार

ना.चं कार्ड. "तुझं पत्र भाऊसाहेबांनीच फोडलं. वाचून हसले. म्हणाले, पाहुणा लाजाळू आहे." खाली वेगळ्या शाईत, घाईत, "मला यात ओढू नको."

ता. २३, बुधवार

शांतपणे विचार केला. मूठ माझी नाही, मी ती खाली करणार नाही, करू शकत नाही. म्हणजे उद्या साडेनऊला उजेड असणार. भा.सा. घड्याळ बघत बसतील, अंधार होणार नाही, माझी फजिती होईल आणि गोष्ट संपेल. फजितीची मला हौसच आहे म्हणायची. पाळी बदलून घ्यायचं मनात आलं होतं, घेतली नाही. काटा माझ्या डोळ्यांसमोर असलेला बरा. उद्यानंतर सुटीचा अर्ज टाकतो आणि तिला घेऊन येतो. ठरलं.

ता. २४, गुरुवार

पाळीवर निघालो. दुपारपासून घाटावर काळं दाटलंय. परतीचा पाऊस. सु.ने डब्यात पोळी दिली, सणावारी देते तशी.

ता. २५, शुक्रवार

जसं झालं तसं लिहितो.

साडेआठची नोंद केली, नऊची केली. बाहेर विजा. काटा वर, रोजच्यासारखा. नऊ सत्तावीसला मी पेन्सिल हातात घेतली. मनात म्हटलं, आत्ता ती पडद्यामागे उभी असेल. नऊ अठ्ठावीसला घाटात लाईनीवर वीज पडली. सगळं पावरहौस हादरलं, बोर्डावरची मूठ आपोआप खटकन खाली आली आणि काटा शून्यावर. माझ्या डोळ्यांदेखत. कुणी हात लावला नव्हता.

मी धावलो. मला एवढंच दिसत होतं की ती तिकडे अंधारात उभी आहे. मूठ दोन्ही हातांनी धरली, वर लोटणार तेवढ्यात साहेबांनी मागून मनगटं पकडली. लाईन तपासल्याशिवाय मूठ वर केली तर माणसं मरतात, हे मला माहीत आहे. चार वर्षं माहीत आहे. तरी मी ओढत होतो. ओरडत होतो म्हणे, साडेनऊ झाले, साडेनऊ झाले. नऊ एकोणचाळीसला लाईन पुन्हा चालू झाली. अकरा मिनिटं. त्यांनी पाचच मागितली होती.

साहेबांनी आज बोलावून विचारलं, तू मुठीजवळ काय करत होतास? आणि साडेनऊचं काय होतं? उद्यापासून कामावर येऊ नको, पुढचं कळवतो, म्हणाले.

ता. २८, सोमवार

कर्जतला जाऊन पेपर बघितला. मुंबईत काही भागांत अंधार, ट्रामा उभ्या राहिल्या, एवढंच. थेटराबद्दल अक्षर नाही. ना.ला दोन कार्डं टाकली, उत्तर नाही. काही झालं नसेल. झालं असतं तर छापलं असतं. पण त्या शिमग्यातल्या पोरीचं तरी कुठे छापलं होतं.

काशीबाई रोज संध्याकाळी गाडीला येते. फाटकाशी बसते, गाडी रिकामी झाली की उठते. आज मला बघून विचारलं, कंच्या गाडीनं येते बोलली व्हती रं? मी म्हणालो, गाडी नव्हती सांगितली.

ता. ३१, गुरुवार

पार्सल आलं. मुंबईचे पेढे, दोन शेर तरी असतील. वर एक शाल. चिठ्ठीत सुंदर अक्षर, "शब्दाला जागलात. गंमत झाली." सही नाही.

मी ओसरीवरच बसलो. मी काही केलेलं नाही. हे कोणाला सांगू? भा.सा. म्हणतात मी केलं. साहेबांनी मला मुठीजवळ पकडलं. आणि ती, ती त्या क्षणी काय समजली असेल? की मी हात काढून घेतला. शब्द देऊन.

सु.ने पार्सल घरात घेऊ दिलं नाही. फेटासुद्धा त्यावर आणून ठेवला, सगळं एका फडक्यात बांधलं. "ज्याचं त्याला देऊन या. आन् ती कुटं हाय ते बघूनच या, नायतर नका येऊ." रडत नव्हती. माझ्याकडे बघतही नव्हती.

म्हणून उद्या पहाटेच्या गाडीने निघतो. तिकडे माझं काय होईल ते होवो, आता भीती वाटायची ती वाटून झाली.

संध्याकाळी फाटकाशी काशीबाई होतीच. एवढंच सांगितलं की मुंबईला जातो, यमुनाची चौकशी करतो. म्हातारी उठली, पदर झटकला. म्हणाली, "मला बी ने. पोरगी कंच्या उजेडात उभी ऱ्हाते, एकदा बघू दे."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. उद्या दोघांची तिकिटं काढतो.