चौथा मजला, बंद लिफ्ट आणि मावशीची खोड

ती. मावशीस,

वाकून नमस्कार. (खरंच वाकले होते. कंबरेने निषेध नोंदवला.) तुझे गुडघे, तुझा रक्तदाब आणि काकांचं घोरणं ही तिन्ही प्रकरणं आटोक्यात असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही ठीक. तुझं पत्र मिळालं. तू नगरपालिकेची निवडणूक हरल्यावर लोकांनी तुला जे ऐकवलं ते वाचून माझं डोकंच फिरलं. आणि वर तू विचारतेस की दुसऱ्याच्या कामात नाक खुपसायची तुझी ही खोड म्हणजे मनाचा काही आजार तर नाही ना, मी मनाची डॉक्टरीण म्हणून स्पष्ट सांगावं, म्हणजे तू यापुढे गपचूप घरी बसशील. (डॉक्टरीण नव्हे गं, थेरपिस्ट. गोळ्या देत नाही, नुसती ऐकते. काकांच्या मते एवढ्यासाठी कुणी शिकत नाही.) उत्तर देते, पण आधी आमच्या लिफ्टची कथा ऐक.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर घड्याळवाले आजोबा राहतात. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता गुडघे दुरुस्त होत नाहीत. आजी पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून लेकीने त्यांना पलीकडच्या गल्लीत आपल्या तळमजल्याच्या घरी नेलं. आजोबाही जाणार होते, पण त्याच आठवड्यात लिफ्ट बंद पडली आणि ते वर अडकले. फोनवर आजींना ऐकू येत नाही. हे इकडून ओरडतात, त्या तिकडून "कोण बोलतंय?" म्हणतात. आजोबांनी जेवण कमी केलं, दाढी वाढवली, दार उघडेनासे झाले. मी काय केलं असेल? नैराश्याचं निदान! रोज संध्याकाळी धापा टाकत वर जायचं आणि त्यांच्या बालपणात शिरायचं. एके दिवशी मी माझा हुकमी प्रश्न टाकला, की आजोबा, परिस्थितीतलं तुमच्या हातात काय आहे? त्यांनी हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "काठी." वर, रोज जिने चढून माझे पाय दुखत असतील म्हणून मलाच तेलाची बाटली दिली.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला की या माणसाच्या मनाला काही झालेलं नाही, लिफ्टला झालंय. मग मी सोसायटीची सभा बोलवायला लावली. भांडण असं होतं, की दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी (त्यांना सगळे आता कपाटवाले म्हणतात) लोखंडी कपाट कोंबून लिफ्ट बिघडवली असं अध्यक्षांचं म्हणणं, आणि अध्यक्षांनी वर्षभर देखभालच केली नाही असं कपाटवाल्यांचं. निम्मी इमारत या पक्षात, निम्मी त्या. मी गटासमोर बसायची सवय असलेली बाई. पार्किंगमध्ये खुर्च्या गोल मांडल्या आणि नियम घातला, की "तुम्ही असे" म्हणायचं नाही, "मला असं वाटतं" म्हणायचं. सभा इतकी रंगली म्हणून सांगू! अध्यक्षांना आठवलं की लहानपणी वडील त्यांचं काहीच ऐकून घेत नसत. ते रडले. कपाटवाल्यांनी त्यांचा हात हातात घेतला. सगळ्यांनी सगळ्यांना समजून घेतलं आणि हलक्या मनाने आपापल्या घरी गेले. जिन्याने.

त्या रात्री मला तुझी फार आठवण आली. लहानपणी मी तुझ्या सभांमध्ये टेबलाखाली बसून चित्रं काढायचे ना? वर भाषणं चालायची, आरोप व्हायचे, कुणीतरी मूठ आपटली की माझी पेन्सिल उडायची. तू सगळं ऐकून घ्यायचीस आणि शेवटी एवढंच विचारायचीस, "बरं, करणार कोण? आणि कोणत्या वारी?" मग गप्प. कुणीतरी नाव देईपर्यंत तू गप्प बसायचीस. (असं गप्प बसायला आम्हाला कॉलेजात शिकवावं लागतं, आणि तरी निम्म्या जणांना जमत नाही.) मी पुन्हा सभा घ्यायला लावली आणि तुझी हुबेहूब नक्कल केली. चूक कुणाची ते नंतर, करणार कोण ते आधी. मग गप्प बसले. इतकी शांतता झाली की कपाटवाल्यांच्या पोटातला आवाज ऐकू आला. शेवटी तेच म्हणाले, लिफ्टवाल्याला मी गाठतो, बुधवारी. अध्यक्ष म्हणाले, मग मी बरोबर येतो. आणि पुन्हा बंद पडली तर धावाधाव कुणी करायची, यावर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हणाले.

लिफ्ट सुरू झाली. आजोबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून खाली उतरले. मी लेकीच्या घरापर्यंत सोबत गेले होते. आजींनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "किती वाळलात हो!" मावशी, मी रडले. थेरपिस्टने रडायचं नसतं, पण रडले.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. माझ्या खोलीत येणारं दुःख काही मनातलं असतं आणि काही बंद लिफ्टचं असतं. मनातल्याशी मी झटापट करते, आणि बंद लिफ्टच्या दुःखासाठी तुझ्यासारखी माणसं लागतात. माझ्या पुस्तकांत तुझ्या खोडीला आजार म्हटलेलं नाही. मला तर तिची लागण व्हावी असं वाटतं. तुझा मला फार अभिमान आहे, हे मी कधी बोलले नव्हते.

काकांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. : निवडणुकीला पुन्हा उभं राहायचं की नाही ते तूच ठरव, थेरपिस्ट सल्ला देत नाही. भाची म्हणून सांगते, उभी राहा. करणार कोण?

ता. क. २ : मुद्द्याचं राहिलंच. सोसायटीने मला अध्यक्ष केलंय. या रविवारी माझी पहिली सभा आहे आणि मला धडकी भरली आहे. तू येच. टेबलाखाली बसलीस तरी चालेल.

ता. क. ३ : पाकीट चिकटवताना कळलं की लिफ्ट पुन्हा बंद पडली. धावाधाव माझी, म्हणून पळते. आजोबा या वेळी खाली अडकलेत, आजींपाशी. त्यांनीच निरोप पाठवलाय की सावकाश होऊ दे, त्यांची काही घाई नाही.